महाजालावरील दप्तरे आणि शहाडचा इतिहासाचा तास

मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर कल्याण सोडले की पहिले स्थानक येते ते शहाडचे. बिर्लांनी बांधलेले विठ्ठलमंदिर, सेंच्युरी रेयॉनचा कारखाना, पलीकडे उल्हास नदी आणि अलीकडे उल्हासनगरचा कॅम्प नंबर एक अशी या परिसराची ओळख सांगता येईल. येथील शाळेत शिकणारा विद्यार्थी चौथीत शिवछत्रपतींचे चरित्र वाचतो, सातवीत मराठी सत्तेचा विस्तार शिकतो, आठवीत स्वातंत्र्यलढ्याशी परिचित होतो. या सगळ्या वाटचालीत कल्याणचे नाव आलेच तर ओघात येते आणि शहाडचे नाव तर येतच नाही. साहजिकच इतिहास नावाची गोष्ट रायगडावर, शनिवारवाड्यात किंवा दिल्लीत घडली, आपल्या स्थानकाच्या आसपास नव्हे, अशी त्याची नकळत समजूत होते. महाजालावर आज इतिहासाची जी साधने खुली झाली आहेत, त्यांचा सर्वांत मोठा उपयोग ही समजूत दूर करण्यासाठी होऊ शकतो. दुर्दैवाने नेमका तोच उपयोग सर्वांत कमी होतो.

शाळांमध्ये संगणक, प्रक्षेपक आणि इंटरनेट पोहोचले नाहीत, अशी परिस्थिती आता शहरी भागात तरी उरलेली नाही. ठाणे जिल्ह्यातच, शहापूर तालुक्यातील पष्टेपाड्यासारख्या आदिवासी वस्तीतील जिल्हा परिषद शाळेने 'डिजिटल शाळा' म्हणून राज्यभर नाव मिळवले. केंद्र सरकारने २०१७ मध्ये 'दीक्षा' हे व्यासपीठ सुरू केले, बालभारतीने आपली पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आणि पुस्तकांच्या पानांवर क्यूआर कोड छापले. २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा या साऱ्यांचा आधार झाला, हे मान्य करावे लागेल. परंतु इतिहासाच्या बाबतीत या साहित्याचे स्वरूप बहुतांशी एकच आहे. धड्यातला मजकूर निवेदकाच्या आवाजात ऐकवायचा, सोबत चित्रे हलवायची आणि शेवटी चार पर्यायांचे प्रश्न विचारायचे. फळ्याची जागा पडद्याने घेतली. शिकवण्याची रीत जिथल्या तिथे राहिली.

गंमत अशी, की खुद्द पाठ्यपुस्तकांची अपेक्षा याहून वेगळी आहे. सातवीच्या आणि आठवीच्या सध्याच्या अभ्यासक्रमातील इतिहासाच्या पुस्तकांचा पहिलाच धडा 'इतिहासाची साधने' हा आहे. २०१८ मध्ये आलेल्या दहावीच्या पुस्तकाची सुरुवात तर इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य आणि भारतीय परंपरांपासून होते. इतिहास हा घटनांचा साठा नसून साधनांच्या आधारे केलेली मांडणी आहे, असे या धड्यांचे सांगणे आहे. मात्र वर्गात भौतिक, लिखित आणि मौखिक साधनांच्या व्याख्या पाठ करून घेतल्या जातात, 'टीप लिहा'ची उत्तरे उतरवून घेतली जातात आणि विद्यार्थ्याने प्रत्यक्ष एकही साधन न पाहता तो धडा संपतो. पूर्वी यावर इलाज नव्हता. मूळ साधन पाहायचे तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात, पेशवे दप्तरात किंवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत जावे लागे. चाळीस मुलांना घेऊन तिथे जाणे कोणत्या शिक्षकाला जमणार? आज त्या दप्तरांतील बराच छापील ऐवज शहाडच्या वर्गात बसून उघडता येतो. तो उघडून करायचे काय, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो.

कल्याणचेच उदाहरण घेऊ. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीकभाषक व्यापाऱ्याने तांबडा समुद्र आणि हिंदी महासागरातील बंदरांची माहिती देणारी एक पुस्तिका लिहिली. ती 'पेरिप्लस' या नावाने ओळखली जाते. विल्फ्रेड शॉफ यांनी १९१२ मध्ये प्रसिद्ध केलेले तिचे इंग्रजी भाषांतर आता महाजालावर सहज मिळते. अमेरिकेतील फोर्डहॅम विद्यापीठाच्या संकेतस्थळावर १९९६ पासून ऐतिहासिक उताऱ्यांचा जो संग्रह उभा राहिला आहे, त्यातही हा मजकूर आहे. या पुस्तिकेत सोपाऱ्यानंतर 'कल्लिएना' या बंदराचा उल्लेख येतो. पूर्वी हे अधिकृत व्यापारपेठेचे ठिकाण होते. परंतु संदनेस किंवा सांदरेस अशा नावाच्या सत्ताधीशाच्या ताब्यात गेल्यापासून येथील व्यापारात अडथळे आले आणि चुकून येथे लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, अशा आशयाची ती नोंद आहे. अवघी दोन-तीन वाक्ये. पण त्यांत सातवाहन आणि क्षत्रप यांच्यातील बंदरांसाठीचा झगडा सामावलेला आहे.

याच्या शेजारी कान्हेरीचे शिलालेख ठेवावेत. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील या लेण्यांत ब्राह्मी लिपीतील अनेक दानलेख आहेत आणि त्यांतील कित्येक दाते स्वतःला कल्याणचे रहिवासी म्हणवतात. त्यांत व्यापारी आहेत, कारागीर आहेत. सामिदत नावाच्या कल्याणच्या एका सोनाराने भिक्षूंसाठी पाण्याचे टाके करून दिल्याचा लेख तेथे आहे. जर्मन विद्वान हाइनरिश ल्यूडर्स यांनी तयार केलेली ब्राह्मी लेखांची यादी 'एपिग्राफिया इंडिका'च्या दहाव्या खंडाला जोडलेली आहे आणि तो खंड 'इंटरनेट आर्काइव्ह'वर उपलब्ध आहे. यादीत प्रत्येक लेखाचा सारांश एका-दोन ओळींत दिला असल्याने, शिक्षकाने मराठी करून दिल्यास तो सातवीच्या मुलालाही समजतो.

आता वर्गापुढे दोन साक्षीदार उभे आहेत. एक परदेशी व्यापारी. त्याला आपल्या जहाजाची आणि मालाची काळजी. दुसरा गावातलाच सोनार. त्याला पुण्य हवे आहे आणि आपले नाव दगडावर राहावे अशी इच्छा आहे. पहिला सांगतो, या बंदरात जाऊ नका. दुसऱ्याचा लेख दाखवतो, की कल्याणच्या कारागिराच्या गाठीला दूरच्या डोंगरात टाके खोदून घेण्याइतका पैसा होता. दोघे एकाच वर्षी बोलत आहेत का? दोघांपैकी कोणी खोटे बोलतो आहे का? की दोघेही आपापल्या जागी खरे आहेत? या प्रश्नांचे तयार उत्तर मार्गदर्शकात सापडत नाही, म्हणूनच ते वर्गात विचारण्यासारखे आहेत. लिखित आणि भौतिक साधन यांतला फरक मुलांना व्याख्येवाचून कळतो, तो असा. शिलालेख हा एकाच वेळी लिखितही असतो आणि भौतिकही, हे तर चुणचुणीत मूल स्वतःच सांगेल.

महाजालावरील साधनांत ठाणे जिल्ह्यापुरते सर्वांत उपयुक्त कोणते असे विचारल्यास उत्तर निःसंशय गॅझेटियर हेच द्यावे लागेल. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे ठाणे जिल्ह्यावरील भाग १८८२ मध्ये प्रसिद्ध झाले. लोकजीवन, शेती, व्यापार, महसूल, इतिहास आणि प्रेक्षणीय स्थळे अशी त्यांची मांडणी आहे. सोपाऱ्याचा स्तूप उजेडात आणणारे पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्या विद्वत्तेचा त्यांना मोठा लाभ झाला. राज्याच्या दर्शनिका विभागाने जुनी गॅझेटियरे संगणकीय रूपात उपलब्ध करून दिली आहेत. कल्याणवरचे टिपण वाचले, की तटबंदी, तलाव, बाजार, बंदर, बाहेर जाणारा माल अशा कितीतरी गोष्टी हाती लागतात आणि मुलांना त्या आजच्या कल्याणमध्ये शोधायला पाठवता येते. मात्र हा ग्रंथ कोणी आणि कशासाठी लिहिला, हे आधी सांगायला हवे. जिल्ह्यावर कारभार करणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याला उपयोगी पडावा, हा त्याचा हेतू होता. म्हणून त्यात जमिनीची प्रतवारी आणि सारा बारकाईने आढळतो, जातीजमातींची वर्णने ठोकळेबाज शेऱ्यांनी भरलेली असतात आणि रयतेला त्या साऱ्याविषयी काय वाटत होते, याची दखल क्वचितच घेतलेली असते. गॅझेटियरमध्ये छापले आहे म्हणून ते प्रमाण, ही समजूत आपल्याकडच्या स्मरणिका आणि वर्धापनदिनाच्या पुरवण्यांनी फार काळ जोपासली. वर्गात तरी ती मोडायला हरकत नाही.

कल्याणचा इतिहास शिकवताना एक नाजूक प्रसंग हमखास येतो. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. त्या मोहिमेशी जोडलेली कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची कथा प्रत्येक मराठी मुलाने ऐकलेली असते. ती नाटकांतून, चित्रपटांतून, शाळेच्या स्नेहसंमेलनांतून पुन्हा पुन्हा येत राहिली. ही कथा नेमक्या कोणत्या ग्रंथात प्रथम आली, असा प्रश्न वर्गात विचारला तर? कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली, म्हणजे कल्याण घेतल्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी. मल्हार रामराव चिटणीसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची, म्हणजे दीडशे वर्षांनंतरची. दोन्हींच्या छापील प्रती महाजालावर मिळतात. वरच्या वर्गातील मुलांना दोन गटांत विभागून, एकेका बखरीतील कल्याणविषयीचा मजकूर शोधायला सांगितला, तर बखर आणि समकालीन कागद यांतला फरक एका तासात कळतो.

असा प्रश्न विचारणे म्हणजे थोर पुरुषाचे मोठेपण कमी करणे, असे काहींना वाटते आणि त्या धास्तीने शिक्षकही या वाटेला जात नाहीत. ही धास्ती अनाठायी आहे. स्त्रियांच्या अब्रूबाबत शिवाजी महाराज किती कठोर होते, याला कथेपेक्षा कितीतरी बळकट पुरावा आहे. रांझे गावच्या पाटलाने बदअमल केला म्हणून त्याचे हातपाय तोडून पाटीलकी काढून घेतल्याचे २८ जानेवारी १६४६ चे पत्र प्रसिद्ध आहे. मोगलांचा इतिहासकार खाफीखान याने महाराजांविषयी अपशब्द वापरण्यात कसूर केली नाही. पण मशीद, कुराण आणि स्त्रिया यांना हात लावायचा नाही असा त्यांचा नियम होता, हेही त्यानेच लिहून ठेवले. शत्रूने दिलेली अशी कबुली दंतकथेपेक्षा मोलाची असते. त्याच्या ग्रंथातील उतारे एलियट आणि डाऊसन यांच्या ग्रंथमालेच्या सातव्या खंडात इंग्रजीत मिळतात. या मालेमागे मुसलमानी अमदानीपेक्षा इंग्रजी राज्य बरे, हे एतद्देशीयांना पटवण्याचा हेतू होता आणि एलियटने तो लपवलाही नव्हता. म्हणजे साक्षीदाराबरोबर दुभाष्याचीही उलटतपासणी आलीच.

अलीकडच्या काळाकडे यावे, तर शहाडचा विद्यार्थी अधिकच भाग्यवान म्हणावा लागेल. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली, हे सगळ्यांना तोंडपाठ असते. रेल्वे कल्याणला आली ती १ मे १८५४ रोजी आणि वासिंदपर्यंतचा रूळ पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १८५५ मध्ये खुला झाला. शहाडवरून जातो तो हाच मार्ग. देशातील अगदी पहिल्या काही लोहमार्गांपैकी एकावरून ही मुले रोज शाळेत येतात, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. रेल्वेप्रेमींनी चालवलेल्या 'आयआरएफसीए' या संकेतस्थळावर अशा तारखांची तपशीलवार जंत्री आहे. हौशी मंडळींचे काम म्हणून ती झटकून टाकू नये आणि डोळे मिटून स्वीकारूही नये. गॅझेटियरशी पडताळून पाहावी. टेक्सास विद्यापीठाच्या संकेतस्थळावर अमेरिकी लष्कराने १९५० च्या दशकात तयार केलेले भारताचे नकाशे आहेत. त्यांतील मुंबई परिसराचा नकाशा आणि आजचे उपग्रहचित्र शेजारी ठेवले, तर कल्याणभोवतीची भातशेती कुठे गेली, हे वेगळे शिकवावे लागत नाही.

उल्हासनगरची कहाणी तर घराच्या उंबऱ्याशी येऊन थांबते. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी उभारण्यात आली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना याच छावणीच्या बराकींमध्ये आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. छावणी गेली, शहर झाले, पण 'कॅम्प नंबर एक' ते 'कॅम्प नंबर पाच' हे पत्ते टपालावर आजही तसेच लिहिले जातात. शहाडच्या बाजूचा कॅम्प एक. १८८२ च्या गॅझेटियरमध्ये हे शहर शोधणाऱ्या मुलाला ते सापडणार नाही आणि का सापडत नाही, हे उमगले की साधनाला वय असते हेही उमगते. फाळणीचा धडा शिकवताना पाठ्यपुस्तकात पंजाब आणि बंगाल येतात. सिंधी कुटुंबे मात्र सिंध प्रांत अखंड पाकिस्तानात गेल्यामुळे भाषा, गाव आणि नदी मागे ठेवून आली होती. अमेरिकेत बर्कली येथे सुरू झालेल्या '१९४७ पार्टिशन आर्काइव्ह' या उपक्रमाने फाळणी पाहिलेल्या हजारो व्यक्तींच्या आठवणी ध्वनिचित्रमुद्रित केल्या आहेत आणि त्यांतील काही महाजालावर ऐकता येतात. मौखिक साधन म्हणजे काय, याचे यापेक्षा चांगले उदाहरण नाही.

अडचणी नाहीत असे नाही. पहिली अडचण भाषेची. महाजालावरचा मोठा ऐवज इंग्रजीत आहे आणि जो मराठीत आहे, त्याचे मूळ कागद मोडी लिपीत आहेत. तरीही मराठीतील साधनसंपत्ती अगदीच तुटपुंजी नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांचे 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड, गोविंद सखाराम सरदेसाई यांनी संपादिलेल्या पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड, केतकरांचा ज्ञानकोश आणि मराठी विश्वकोश हे सारे आता संगणकावर वाचता येते. मोडी लिपीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले. दुसरी अडचण शोधण्याची. जुन्या इंग्रजी कागदांत कल्याणचे नाव पाच-सहा प्रकारे लिहिलेले असते आणि यंत्राने वाचलेल्या जुन्या छपाईत अक्षरांची गल्लत होते. आजच्या स्पेलिंगने शोधून काही मिळाले नाही, म्हणजे माहिती नाहीच, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये.

तिसरी अडचण जास्त गंभीर आहे आणि ती विश्वासाची आहे. इतिहासाच्या नावाखाली मोबाइलवर जे फिरते, त्यात जुन्या छायाचित्राखाली नवा मथळा, कोणाच्याही तोंडी घातलेली वाक्ये आणि न घडलेल्या लढाया यांचा सुळसुळाट असतो. मुले ते शाळेत येण्याआधी वाचून आलेली असतात. अशा वेळी 'संकेतस्थळ दिसायला नीटनेटके आहे का, बोधचिन्ह आहे का, पत्ता दिला आहे का' अशी तपासणी शिकवली जाते. ती पुरेशी नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या अभ्यासात दहा इतिहासकार, दहा व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि पंचवीस विद्यार्थी यांना संकेतस्थळांची विश्वासार्हता जोखायला सांगितले होते. डॉक्टरेट मिळवलेले इतिहासकारही देखण्या मांडणीला आणि भारदस्त नावाला फसले. तथ्यतपासनीस मात्र त्या पानावर रेंगाळलेच नाहीत. ते लगेच बाहेर पडले आणि या स्थळामागे कोण आहे, हे इतरत्र शोधू लागले. माणसाची चौकशी त्याच्याच तोंडून न करता शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे करावी, ही आपल्याकडची लग्न जुळवण्याची जुनी रीत. तीच येथे कामी येते.

विकिपीडियाबद्दल शिक्षकांमध्ये दोन टोकांची मते आढळतात. काही जण तो वर्ज्य मानतात, तर काही जण प्रकल्पाच्या वह्या त्यावरूनच भरून घेतात. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. त्याच्या प्रत्येक पानावर 'इतिहास पहा' अशी एक कळ असते. ती दाबली, की हा लेख कोणी, कधी, कसा बदलला याची यादी समोर येते. एखाद्या किल्ल्याच्या किंवा राजाच्या पानावर कोणते वाक्य पुन्हा पुन्हा खोडले आणि पुन्हा लिहिले गेले, हे पाहणे म्हणजे दहावीच्या पुस्तकातील इतिहासलेखनाचा धडा प्रत्यक्ष घडताना पाहणे होय. लेखातील माहितीइतकाच तिच्यावरचा वाद वर्गासाठी उपयोगाचा आहे.

संकेतस्थळे चिरंजीव नसतात, हेही लक्षात ठेवावे लागते. 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' या प्रकल्पाने लाखो भारतीय ग्रंथांच्या प्रतिमा तयार केल्या. पुढे ते स्थळच बंद पडले. कोणीतरी त्या प्रती वेळीच 'इंटरनेट आर्काइव्ह'वर नेऊन ठेवल्या म्हणून राजवाडे आणि सरदेसाई आज आपल्याला वाचायला मिळतात. शिक्षकाने कामाची पाने उतरवून, ग्रंथाचे नाव, खंड, पृष्ठ आणि उतरवल्याची तारीख लिहून ठेवावी. ऐन तासाला नेटवर्क गेले, तरी वर्ग थांबत नाही, हा त्याचा आणखी एक फायदा. शिवाय चाळीस मुलांना चाळीस पडदे लागत नाहीत. छापलेली दोन पाने आणि चार-चार जणांचे गट पुरतात.

वेळेचा प्रश्न उरतोच. इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून दहावीला चाळीस गुण आणि त्या बेताचे तास. प्रत्येक धड्याला मूळ साधन आणायचे म्हटले, तर अभ्यासक्रम पुरा होणार नाही, हा शिक्षकांचा आक्षेप रास्त आहे. सहामाहीत एक धडा या रीतीने शिकवला आणि तो आपल्या परिसराशी जोडलेला असला, तरी पुरे.

एक साधन मात्र कोणत्याही संकेतस्थळावर मिळणार नाही. फाळणीच्या वेळी जे दहा वर्षांचे होते, ते आज नव्वदीच्या घरात आहेत. १९५६ च्या सुमारास सेंच्युरी रेयॉन सुरू झाली, तेव्हा कामाला लागलेल्यांपैकी थोडेच उरले असतील. पलीकडे मोहने-आंबिवलीची एनआरसी कंपनी २००९ मध्ये बंद पडली; तिच्या भोंग्यावर ज्यांच्या घरातली घड्याळे लावली जात, ती माणसे अजून त्याच वस्त्यांत राहतात. यांतील कित्येक जण शहाडच्या वर्गांत बसणाऱ्या मुलांचे आजी-आजोबा आहेत. आठवीच्या मुलाच्या घरातील मोबाइल एवढ्या कामाला पुरतो. आधी परवानगी घ्यावी, बोलणाऱ्याला सिंधी, मराठी, हिंदी जी भाषा जवळची वाटते तीत बोलू द्यावे, मधे दुरुस्त्या करू नयेत आणि ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला दिनांक, ठिकाण आणि ऐकणाऱ्याचे नाव स्पष्ट उच्चारावे.